एकाच माणसाचा ओटा

परशुरामकाकांचं घर डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्यांचं. त्या घराला ओटा असण्याचं काही कारण नव्हतं, तरी काकांच्या ओट्यावर रोज दुपारी पाचपंचवीस माणसं येऊन जात, आणि शेजारच्या बिऱ्हाडाला त्याचा पत्ताही नसे. हा ओटा काकांच्या कॉम्प्युटरमध्ये होता. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरच्या फोनला मोडेम जोडला आणि ओळखीपाळखीत सांगून ठेवलं, की ज्याच्याकडे कॉम्प्युटर, मोडेम आणि फोन अशा तिन्ही गोष्टी असतील त्याने दुपारच्या वेळात हा नंबर फिरवावा. नंबर लागला की दोन्हीकडचे मोडेम एकमेकांना शिट्ट्या मारत, थोडं खरखरत, आणि पडद्यावर रोमन अक्षरांत ‘ओटा’ अशी पाटी उमटे. खाली आधी येऊन गेलेल्यांचे निरोप असत. ते वाचायचे, आपला लिहायचा आणि उठायचं. लाइन एकच असल्यामुळे ओट्यावर एका वेळी एकच माणूस मावे. बाकीच्यांना एंगेज टोन.

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. तेव्हा कल्याण-डोंबिवलीत प्रोग्रामिंग शिकवणारे क्लास होते, पण त्यांची फी ऐकून माणूस जिन्यावरूनच परत फिरे. ओट्यावर फी नव्हती. एक नियम मात्र होता आणि काका त्याबाबतीत कडक होते: एक विचारा, एक सांगा. पहिला प्रश्न कोणीही विचारावा. दुसरा विचारायचा तर मध्ये दुसऱ्या कोणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर दिलेलं असलं पाहिजे. नाहीतर काका तो प्रश्न शांतपणे पुसून टाकत. त्यांचं म्हणणं असं, की नुसतं विचारणारे जमले की ओट्याचा रेशनच्या दुकानासारखा कारभार होतो.

कोपरला राहणारी मंजुळा या नियमात अडकून पडली होती.

मंजुळा रसायनशास्त्राची पदवीधर. लग्नाआधी रंगांच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती, आता घरी शाळेतल्या मुलांच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेत असे. तिचा नवरा विश्राम याने ऑफिसात मोडीत निघालेला कॉम्प्युटर मोडेमसकट घरी आणला होता. आठवडाभर त्याने त्यावर पत्ते खेळून पाहिले आणि मग त्याचा उत्साह संपला. मंजुळाचा तिथून सुरू झाला. मुलांच्या चाचण्यांचे गुण साठवणारा प्रोग्रॅम लिहायचं तिने ठरवलं. गुण फ्लॉपीवर ठेवायचे कसे, हा तिचा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर कल्याणच्या चंदूने दिलं. हा चंदू डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता, तिच्या भाच्याच्या वयाचा, पण समजावायचा असं की मंजुळाला आपल्या शिकवण्यांची लाज वाटावी. गुण साठवले जाऊ लागले. प्रत्येक चाचणीला ती नवी फाइल उघडे आणि प्रोग्रॅम बिनतक्रार चाले.

आता तिच्याकडे दुसरा प्रश्न होता. गुणांप्रमाणे मुलांची नावं वरखाली कशी लावायची? पण तो विचारायला आधी कोणालातरी काहीतरी सांगायला हवं होतं, आणि ओट्यावर येणारे सगळेच तिच्याहून पुढचे. रोज दुपारी भांडी आवरली की ती नंबर फिरवे, प्रश्न वाचे आणि हात हलवत उठे. विश्राम तिला चिडवत म्हणायचा, लग्नाच्या पंगतीत आपल्याला वाढता येईल असा एकही पदार्थ सापडू नये, तशी तुझी गत झालीये.

आणि एका सोमवारी तो पदार्थ सापडला. मोहन्याच्या राघोचा प्रश्न होता. राघो मोहन्याला, कंपनीच्या रस्त्याला एसटीडी बूथ चालवायचा. त्याने बूथमध्येच एक जुना कॉम्प्युटर घेऊन ठेवला होता आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा तो ओट्यावर यायचा. त्याने लिहिलं होतं: त्याची आत्या गंगुबाई धवलारीण आहे, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले गाते, लग्न लावते. तिचे धवले त्याने रोमन अक्षरांत टाइप करून फ्लॉपीवर घेतलेत. हे टाइपिंग आजवर एका मित्राच्या दुकानातल्या सॉफ्टवेअरवर झालं. आता मित्र दुकान बंद करून गावी गेला, तेव्हा राघोने स्वतःच छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. त्याच फाइलीत पुढचा धवला घालायचा तर फाइल कशी उघडायची?

मंजुळाने तो प्रश्न दोनदा वाचला. हे तिला येत होतं. रोज तीच ओळ ती वापरत होती. तिने आपल्या प्रोग्रॅममधली ओळ जशीच्या तशी उतरवली, फाइल ‘आउटपुट’साठी उघडा म्हणून सांगितलं, आणि खाली लिहिलं की माझ्याकडे हे महिनाभर व्यवस्थित चाललंय. मग लगेच, हातासरशी, नावं वरखाली लावण्याचा आपला प्रश्न टाकून दिला. त्या रात्री तिने विश्रामला गोड शिरा खाऊ घातला. कारण विचारल्यावर म्हणाली, सहज.

बुधवारी दुपारी राघोचा निरोप होता. मंजुळाताईंनी सांगितल्याप्रमाणे केलं, नवा धवला गेला, पण आता फाइलीत तेवढा एकच दिसतोय. बाकीचे कुठे बघायचे?

त्या वाक्यात तक्रार नव्हती, म्हणून ते वाचवेना. मंजुळाने लाइन सोडली. एक कोरी फ्लॉपी घेऊन तिच्यावर दोन चाचण्यांचे गुण एकाच फाइलीत घालून पाहिले. पहिली चाचणी नाहीशी झाली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. नव्या फाइलीसाठी जी ओळ बरोबर होती, ती जुन्या फाइलीला आधी रिकामी करत होती आणि मग लिहीत होती. ती आजवर दर वेळी नवी फाइल उघडत आली, म्हणून तिला हे दिसण्याचा प्रसंगच आला नव्हता. एका प्रयोगावरून नियम मांडू नये, हे ती आठवीच्या मुलांना शिकवत असे.

तिने पुन्हा नंबर लावून घडलेलं सगळं सरळ लिहिलं आणि विचारलं, गेलेलं परत आणता येतं का? नियमाप्रमाणे हा प्रश्न तिला विचारता येत नव्हता. काकांनी तो पुसला नाही. तासाभराने चंदूचं उत्तर आलेलं होतं. फाइल रिकामी झाली तरी मजकूर फ्लॉपीवरच असतो. कुठला मजकूर कुठे ठेवलाय याची नोंद तेवढी जाते. मंजुळाने मनात आपल्या भाषेत करून घेतलं: बाटलीवरचं लेबल खरवडलं गेलंय, आतलं रसायन आहे तसंच आहे. पण चंदूने पुढे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की त्या फ्लॉपीवर आता एक अक्षरही लिहायचं नाही. लेबल नसलेली बाटली रिकामी समजून कॉम्प्युटर तिच्यात नवं ओतून ठेवतो. राघोला आत्ताच्या आत्ता सांगा.

सांगायचं कसं? ओट्यावर निरोप होता, पण राघोने ओट्यावर येऊन तो वाचायला हवा. तिने त्याचा शेवटचा निरोप नीट पाहिला, तर खाली आणखी एक ओळ होती, मघाशी तिच्या नजरेतून सुटलेली. आत्याला हल्ली विसरायला होतं, दिवाळीपासून नावं चुकते, एका धवल्यात दुसरा मिसळते. आज ती बरी आहे, तर दुपारी बसून पहिल्यापासून पुन्हा घेतो.

पुन्हा घेतो, म्हणजे त्याच फ्लॉपीवर.

तिने काकांना साधा फोन लावला, राघोचा नंबर मागायला. एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. मग तिच्या लक्षात आलं की असंच होणार. तिचा निरोप वाचून ओट्यावरचा प्रत्येक जण आपापला सल्ला द्यायला धावला असणार, आणि एक उठला की दुसरा बसत असणार. या सगळ्या भल्या माणसांनी मिळून लाइन अडवली होती. राघो प्रयत्न करत असला तरी त्यालाही एंगेजच लागत असणार, आणि उत्तर येत नाही म्हणून तो वाट न बघता कामाला लागणार.

मंजुळाने शेजारच्या सगुणावहिनींना सांगितलं, मोहन्याला जाऊन येते, शिकवणीची मुलं आली तर त्यांना प्रकाशाचा धडा वाचत बसवा. तीन कोऱ्या फ्लॉप्या पिशवीत टाकल्या आणि ती निघाली. कल्याणला गाडी बदलून आंबिवलीला उतरली. तिथून मोहन्याचा कंपनीचा रस्ता विचारत गेली. आयुष्यात कोणाच्या घरी न कळवता गेलेली बाई नव्हती ती. वाटेत तिने काय बोलायचं याची दोनतीन वाक्यं तयार केली होती, माफी मागणारी, नीट.

बूथ सापडायला वेळ लागला नाही. काचेच्या खोक्यात एक बाई कोणाला तरी मुलाच्या बारशाचं आमंत्रण देत होती. मागच्या बाजूला पडदा अर्धा सरकवलेला, आणि त्याच्याआड कॉम्प्युटरसमोर चाळिशीचा एक रुंद खांद्यांचा माणूस. शेजारी खुर्चीवर पाय वर घेऊन एक म्हातारी बसली होती. कॉम्प्युटरवर कुंकवाची बोटं उमटलेली होती आणि की-बोर्डजवळ तांब्यात आंब्याची डहाळी. कॉम्प्युटरच्या पडद्यावर राघोचा प्रोग्रॅम धवल्याचं नाव विचारत थांबला होता. राघोने नाव टाइप केलं होतं. एंटर दाबायचा राहिला होता, कारण गंगुबाई पाणी पीत होत्या.

मंजुळाची तयार वाक्यं सगळी राहिली. ती पडदा सारून आत गेली, ओणवी झाली आणि फ्लॉपी ड्राइव्हचा खटका फिरवून तिने फ्लॉपी बाहेर ओढली.

म्हातारीने भांडं खाली ठेवलं.

“मी मंजुळा,” ती म्हणाली. “कोपरची. ओट्यावरची.”

राघोचा चेहरा उजळला. ओट्यावरचं माणूस त्याने आजवर एकही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तो उठून स्टूल पुसू लागला, चहा सांगू लागला, आणि मंजुळाला मध्ये बोलायला जागाच सापडेना. शेवटी ती फ्लॉपी छातीशी धरूनच बोलली. काय चुकलं, कसं चुकलं, काय अजून शिल्लक असू शकेल, सगळं. राघो म्हणाला, ताई, त्यात काय, मी पण न तपासता केलंच की.

गंगुबाईंना एवढ्यावर सोडायचं नव्हतं.

“तूच का गो ती?” त्या म्हणाल्या. “माजी गानी पुसलीस ती?”

“हो,” मंजुळा म्हणाली.

“माना विचारायचा होता ना आधी. मी सांगतली असती, त्या डब्यावर इस्वास ठेऊ नको.”

मंजुळाने फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद केली. आता तिच्यावर काही लिहिलं जाणं शक्य नव्हतं, फक्त वाचता येणार होतं. पुढे काय करायचं ते मात्र तिला ठाऊक नव्हतं. चंदूला विचारावं लागणार होतं, आणि चंदूशी बोलायचं तर ओट्यावर जागा हवी.

राघोने बाहेर ‘फोन बंद आहे’ अशी पाटी लावली आणि मोडेमवरून नंबर फिरवला. मंजुळा एंगेज टोनची वाट बघत होती. पहिल्याच झटक्यात मोडेमने शिट्टी मारली.

पाटीखाली नेहमी ‘आधी कोण बसलं होतं’ हे उमटे. तिथे शेवटचं नाव तासाभरापूर्वीचं होतं, त्यानंतर कोणीही नव्हतं. नंतर कळलं ते असं: काकांनी सगळ्यांना एकेक फोन करून सांगितलं होतं, की मंजुळाबाई मोहन्याला पोचल्या असतील, आज कोणी ओट्यावर यायचं नाही. मंजुळा न कळवता निघाली होती, तरी काकांनी ते ओळखलं होतं. तिच्या घरी फोन लावल्यावर सगुणावहिनींनी उचलून तिकडेच गेल्याचं सांगितलं असणार. आणि त्या दुपारी ओट्यावर कोणी आलं नाही. ज्यांना सल्ला द्यायची खाज होती तेही नाहीत. मंजुळाने नंतर पुष्कळ माणसं पाहिली, मदत करणारी, धावून येणारी. पण आपण बाजूला राहणं हीच मदत आहे हे ओळखून बाजूला राहिलेली इतकी माणसं एकाच वेळी तिने पुन्हा पाहिली नाहीत. म्हणजे तेव्हाही पाहिली नव्हतीच.

पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं. ‘ताई, चंदू. सायकलवर काकांकडे आलोय. काका चहा करतायत. सुरू करूया?’

राघोकडे फोनच्या लाइनी दोन होत्या, पण कॉम्प्युटर एकच, आणि फोनवर ऐकलेल्या आकड्यांत एक जरी चुकला तरी घोटाळा, म्हणून सगळं लिहूनच व्हायला हवं होतं. त्यामुळे चंदूने सांगायचं, मंजुळाने कागदावर उतरवून घ्यायचं, ओटा सोडायचा, फ्लॉपीवर तेवढं करून बघायचं, आणि काय दिसलं ते सांगायला पुन्हा ओट्यावर यायचं. फ्लॉपीचे छोटे छोटे भाग असतात. एकेक भाग वाचून पडद्यावर आणायचा, त्यात धवला दिसला तर दुसऱ्या कोऱ्या फ्लॉपीवर नेऊन ठेवायचा. पहिल्या काही भागांत नुसता कचरा होता, मित्राच्या दुकानातली जुनी बिलं, कोणाची तरी जन्मपत्रिका. राघोचा धीर खचायला लागला. मंजुळाला मात्र हे काम ओळखीचं वाटू लागलं होतं. एकामागून एक नमुना घ्यायचा, बघायचा, टिपायचा, आणि मधला एकही सोडायचा नाही.

मग एका भागात आडव्यातिडव्या आकड्यांच्या शेजारी रोमन अक्षरं दिसली. राघोने ती अडखळत मोठ्याने वाचली. हळद दळतानाच्या धवल्यातलं मधलंच एक कडवं होतं.

“आनि पुढं?” गंगुबाई म्हणाल्या.

पुढचा भाग आला. राघोने वाचला. वाचता वाचता त्या भागाच्या शेवटी शब्द अर्धाच तुटला, आणि तो पुढे जायच्या आत गंगुबाईंनी तो पुरा केला. मग प्रत्येक तुटलेल्या शब्दाला त्याच पुढे होऊ लागल्या. कुठला भाग कशाला जोडायचा हे मंजुळा आकड्यांवरून ठरवत होती, त्या कानांवरून, आणि दोघींचं एकदाही वेगळं आलं नाही. चंदूला हे कळवलं तेव्हा त्याचं उत्तर आलं, ‘आजींना सांगा, माझ्या परीक्षेला याल का?’ राघोने ते वाचून दाखवलं. गंगुबाईंनी विचारलं की त्या पोराचं लग्न झालंय का.

उन्हं उतरेपर्यंत बहुतेक सगळे धवले नव्या फ्लॉपीवर आले. मंजुळाने तिची आणखी एक प्रत केली. राहिला होता तो अगदी पहिल्या धवल्याचा आरंभ. मंजुळाचं उत्तर वाचून राघोने जो नवा धवला घातला होता तो नेमका त्या जागेवर जाऊन बसला होता. मंजुळाने चंदूला आपल्या भाषेत विचारलं, नुसतं लेबल गेलंय की बाटलीच? चंदूने काकांना विचारलं असावं, कारण उत्तर यायला वेळ लागला. ‘ते गेलं, ताई. लेबल नाही, बाटलीच. सॉरी.’

तिने ते राघोला सांगितलं. राघो म्हणाला, एवढं आलं हे काय थोडं झालं. पण त्याचा आवाज जरा उतरलाच. तो देवांना बोलवण्याचा धवला होता, त्याच्याशिवाय लग्नाला हात लागत नाही. तो आत्याकडे वळला आणि म्हणाला, आते, तेवढा आठव.

गंगुबाईंनी डोळे मिटले. बाहेर कोणीतरी काचेवर टकटक करून गेलं. मग त्यांनी सुरुवात केली. आवाज जाड आणि थकलेला, पण सूर ठाम. गावदेवी आली, खाडीवरचा देव आला, वेशीवरचा आला. राघो पहिल्या दोन ओळींना मान डोलावत होता. तिसरीला थांबला.

“आते, ह्यो असा नव्हता.”

“कसा होता मग?”

“तिसरा वेशीवरचा नाय येत. तिसरा...” त्याला पुढचं आठवेना.

“माना आठवत नाय, तुना आठवत नाय, डब्याला आठवत नाय,” गंगुबाई म्हणाल्या. “मंग देवाला बाहेर थांबवून ठेवू? आता असाच हाय.”

राघोने मंजुळाकडे पाहिलं, जणू हा ओट्यावर टाकायचा प्रश्न होता. मंजुळाने तिसरी, वेगळी फ्लॉपी काढली आणि नवी फाइल उघडली. इथे नवीच हवी होती. तिने गंगुबाईंना पहिल्यापासून सांगायला लावलं. कळत नव्हता तो शब्द ती पुन्हा विचारे, आणि म्हातारी तिच्या बोटांचा वेग बघून थांबत थांबत सांगे. एकदा ओळ बदलली, तेव्हा मंजुळाने दोन्ही लिहून घेतल्या.

“लिवलास सगला?”

“लिहिलं.”

“वाच बघू.”

मंजुळाने वाचलं. प्रयोगाची कृती वाचावी तसं, स्पष्ट, एका सुरात, प्रत्येक ओळीनंतर थांबून. राघो तोंडावर हात ठेवून हसू दाबत होता. गंगुबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“वाचतंस काय गो,” त्या म्हणाल्या. “म्हन.”

मंजुळा कॉलेजच्या प्रार्थनेनंतर कोणासमोर गायली नव्हती. तिने पडद्याकडे बघितलं, एकदा घसा साफ केला, आणि पहिल्या ओळीवर परत आली. गंगुबाईंनी तिचा सूर दोन ओळींत दोनदा दुरुस्त केला. तिसऱ्या ओळीला, वेशीवरच्या देवाला, दुरुस्ती आली नाही. त्यांनी नुसता हात वर केला आणि तिच्याबरोबर म्हणू लागल्या.